चौदाचा दाब

पलंग एक. गादी एक, उशी एक, पांघरूण एक. छत्री, चपला, पंखा, दिवा, पाण्याचा तांब्या. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर जे जे लागेल ते सारं जिवंत ब्राह्मणाला द्यायचं असतं.

*

पाच तास बावन्न मिनिटं. गळती नाही. तासाला तीन.

*

करंदईतली एक बायको नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून मोजते आहे. एकवीस, बावीस, तेवीस. अठ्ठाविसाला तिचा हात एकदम वर उचलला जातो. मग ती पुन्हा एकपासून सुरुवात करते.

*

"तृप्ती झाली?" यजमान हात जोडून विचारतो. पानावर बसलेल्यानं "झाली" म्हटल्याशिवाय वरच्या तीन पिढ्या उठत नाहीत.

*

उशीच्या अभ्र्याचं तोंड तांबड्या दोऱ्यानं शिवलेलं. टाके बारीक, एकसारखे. शेवटचे चार तेवढे वाकडे.

*

चौदा.

*

हे सारं एकाच माणसाच्या अंगावरून गेलं. त्याचं नाव सांबशिव शास्त्री, वय बावन्न, राहणार करंदई, तंजावूर. पिढीजात पुरोहित, पण लग्नमुंजीचा नव्हे, श्राद्धाचा. तंजावुरात याला ब्राह्मणार्थाला बसणं म्हणतात. जो गेला त्याच्या जागी पानावर बसायचं आणि जेवायचं. तो जेवला की गेलेला जेवला. तीस वर्षांत सांबशिव मेलवीदी या जुन्या रस्त्यावरच्या निम्म्या घरांच्या आज्या-पणज्यांसाठी जेवला होता: वडे, अधिरसम, तिळाचे लाडू, पायसम, आणि यजमानाच्या डोळ्यांत पाणी आलं की वर आणखी दोन वडे. वजन एकशे बारा किलो.

"हे माझं वजन नव्हे," तो म्हणायचा. "गावातल्या सगळ्या पितरांना वाटून द्या. माणशी पाव किलोसुद्धा यायचं नाही."

त्याची बायको वरलक्ष्मी यावर हसत नसे. रात्रीची झोप पितरांची मोडत नव्हती, तिची मोडत होती. "घोरा की, खुशाल घोरा," ती म्हणे. "मध्येच थांबता ना, ते नको."

शय्यादानाचे पलंगही त्याच्याकडेच यायचे, कारण मेलेल्याचा बिछाना घ्यायला दुसरे कचरत. घेणाऱ्यानं दहा हजार गायत्री जपायची, म्हणजे दोष जातो. पलंग मात्र घरी राहत नसत. बाजारातला एक दुकानदार ते परत नेई आणि पुढच्या तेराव्याला दुसऱ्या घरी पाठवी. एक पलंग सांबशिवाला चार वेळा दान मिळाला होता. त्याच्या पायावरची भेग तो ओळखत होता.

कृष्णाजीरावांचा पलंग वेगळा. तो त्यांचा स्वतःचा होता, जुन्या सागवानाचा. कृष्णाजीराव कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले, मेलवीदीला राहणारे, नाकात तपकीर ओढणारे. अडुसष्टाव्या वर्षी झोपेतच गेले. मागं पत्नी वसुमतीबाई, आणि बंगळूरला मुलगी अखिला. तेराव्याला पलंग गाडीवर चढला, करंदईत उतरला, आणि उशी फारच जड लागली म्हणून वरलक्ष्मीनं अभ्र्याचा तांबडा दोरा कातरीनं कापला. आतून विटेएवढं एक करडं यंत्र निघालं. त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर लावायचा मास्क.

सांबशिवानं ते ओळखलं. कृष्णाजीराव झोपताना हेच लावत. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो. हे यंत्र वारा आत ढकलून घसा उघडा ठेवतं, असं त्यांनीच एकदा गणित समजावल्यासारखं समजावलं होतं.

संध्याकाळी अखिलाचा फोन आला. "शास्त्रीमामा, ते मशीन चुकून गेलं हो. बिछान्याबरोबर बांधलं गेलं असेल." मग मागं कोणीतरी काही बोललं. "राहू द्या. आई म्हणते, दान दिलेलं परत घेत नाहीत."

त्या रात्री सांबशिव जपाची माळ घेऊन पलंगावर बसला.

"जप सकाळी होईल," वरलक्ष्मी म्हणाली. "आधी हे लावा. मला एक रात्र झोपू द्या, पुण्य लागेल."

"अगो, मेलेल्याचं आहे ते."

"तुम्ही मेलेल्याचं जेवता, मेलेल्याच्या पलंगावर बसलाहांत. नाकच तेवढं सोवळ्यात ठेवता?"

त्यानं मास्क पुसला, लावला, बटण दाबलं. माळ सुरू केली. सदतिसाव्या मण्यावर तो झोपला. जागा झाला तेव्हा उजाडलं होतं, दूधवाला दारात घंटी वाजवून वाजवून कंटाळला होता, आणि शेजारी वरलक्ष्मी तोंड उघडं टाकून लहान मुलीसारखी झोपली होती.

*

सहा तास एक्केचाळीस मिनिटं. गळती नाही. तासाला चार.

*

झोप मिळाली की माणसाला स्वतःचं शरीर दिसायला लागतं. सकाळचं डोकं दुखणं गेलं. मंत्र म्हणताना पेंग येईना. तो वडवार नदीच्या काठानं पहाटे चालू लागला. रक्तातली साखर वाढल्याचं कळलं तेव्हा ब्राह्मणार्थाला बसणं त्यानं जवळजवळ सोडलं आणि नुसतं मंत्र सांगणं ठेवलं. चौदा महिन्यांत अठ्ठावीस किलो उतरले. कधी पानावर बसलाच तर यजमान कुरकुरत. "काय हो शास्त्री, एकच वडा? आमचे अप्पा उपाशी गेले की!"

कृष्णाजीरावांच्या वर्षश्राद्धाला मात्र वसुमतीबाईंनी त्यालाच बसवलं. श्राद्ध करणारा त्यांचा पुतण्या हात जोडून विनवत होता आणि सांबशिव दुसऱ्या वड्याला नको म्हणत होता. वसुमतीबाई दारात उभ्या राहून त्याच्या मोकळ्या झालेल्या गळ्याकडे, गालाच्या हाडांकडे बघत होत्या. बराच वेळ बघून पुतण्याला म्हणाल्या, "पुरे रे. शेवटी शेवटी तेही एवढंच खात."

*

चार तास पाच मिनिटं. गळती फार. मास्क तीनदा काढला.

*

त्यानंतरच ते सुरू झालं.

वर्षभर त्या नळीतून नुसता वारा येत होता. आता कोणीतरी ढकलू लागलं. सांबशिव श्वास सोडायला जाई, तर पलीकडूनही कोणीतरी त्याच क्षणी श्वास सोडी, आणि दोन्ही श्वास त्याच्या नाकाशी एकमेकांना भिडत. मास्क गालावरून उचलला जाई आणि कडेनं शिट्टीसारखा आवाज करत वारा डोळ्यांत शिरे. पट्टे आवळले तर सकाळी गालांवर तांबडे वळ. पोटात वारा भरून ते मृदंगासारखं ताणलेलं असे. एकदोनदा त्याला नळीतून तपकिरीचा वास आला. या घरात तपकीर कोणी ओढत नव्हतं.

हे दुसऱ्या कोणाला झालं असतं तर तो सांबशिवाकडे आला असता. सांबशिवानं त्याला विचारलं असतं, वर्षश्राद्ध झालं का? झालं असेल तर गेलेला पितरांत गेला. तो आता त्रास देत नाही. मग हा कोण? त्याला एकच दोष सापडत होता. दहा हजारांचा जप सदतिसावर थांबला होता. तो पुरा करायला तो रोज संध्याकाळी बसे आणि रोज, अपुऱ्या झोपेमुळे, तिसाव्या मण्याच्या आसपास मान खाली जाई.

"ज्याचं आहे त्याला परत पाहिजे असेल," वरलक्ष्मी एके दिवशी तांदूळ निवडताना म्हणाली. "देऊन टाका की. तुम्ही आता घोरत नाही. अंग गेलं, त्याच्याबरोबर रोगही गेला असणार."

"गेला म्हणतेस?"

"मी ऐकत्ये ना रोज. गप्पगार असता."

त्याला तेच ऐकायचं होतं. वजनाच्या काट्यावर उभं राहून जो अभिमान वाटे, त्यात एवढंच कमी होतं. यंत्र टॉवेलात गुंडाळून माळ्यावर गेलं.

*

शून्य.

*

पहिली रात्र बरी गेली. ना शिट्टी, ना वळ. दुसरीही. तिसऱ्या रात्री तो एकाएकी बसता झाला. तोंड उघडं होतं आणि आत काहीच येत नव्हतं. विहिरीच्या तळाशी बसून वरच्या गोल उजेडाकडे बघावं तसा त्यानं खिडकीकडे पाहिलं. मग घशात काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि हवा आत आली. शेजारी वरलक्ष्मी गाढ होती. चौदा महिन्यांत ती मोजायचं विसरून गेली होती.

त्यानं तिला उठवलं नाही. चौथ्या रात्री तेच दोनदा झालं. तेव्हाही नाही.

*

शून्य. शून्य. शून्य.

*

पाचव्या दिवशी सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी त्याचा फोन वाजला.

"शास्त्री," वसुमतीबाईंचा आवाज. "आहांत की?"

"आहे की, अक्का. का हो?"

पलीकडे नुसता श्वास. मग त्या म्हणाल्या, "चार रात्री झाल्या." आणि फोन ठेवला.

सांबशिव अंगणात उभाच राहिला. यंत्र माळ्यावर गेल्याचं या घराच्या दोन माणसांखेरीज कोणालाही ठाऊक नव्हतं. रात्री आपण विहिरीच्या तळाशी होतो हे तर त्या दोघांतल्याही एकालाच.

त्यानं माळ्यावरून यंत्र काढलं, टॉवेलासकट छातीशी धरलं आणि पहिली टाउन बस पकडून मेलवीदीला गेला. कंडक्टरनं विचारलं, मूल झोपलंय का? त्यानं तिकिटाचे पैसे पुढे केले.

वसुमतीबाई तिण्णईवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर बसल्या होत्या. हातात फोन. आधी त्यांनी सांबशिवाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग टॉवेलाकडे.

"परत करायला आलों, अक्का. त्यांस पाहिजे आहे असं वाटतं."

"बसा."

"रोज नळीतून ढकलतात. मी सोडतों, ते आत ढकलतात. आणि आज तुमचा फोन. कोणी सांगितलं तुम्हांस?"

त्यांनी फोन त्याच्यासमोर धरला. वरती लिहिलं होतं: सुप्रभात, कृष्णाजी. खाली काल रात्रीचे तास: शून्य. त्यांनी बोटानं वर सरकवलं. शून्य, शून्य, शून्य, मग चार तास पाच मिनिटं, गळती फार, मास्क तीनदा काढला. मग मागं मागं, चौदा महिने, रात्रीखाली रात्र.

"यंत्राच्या पोटातच सिम आहे," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी सहा दहाला येतं. त्यांस फोनचं काही कळत नसे, म्हणून मी माझ्या फोनवर घेतलं होतं. त्यांच्या नावानं."

आपल्या घरात, आपल्या बायकोशेजारी घेतलेला एकेक श्वास रोज सकाळी मेलेल्या माणसाच्या नावाखाली या ओट्यावर येऊन पडत होता.

"आणि तुम्ही वाचत होतांत."

"त्यांचं नाव, खाली पाच तास बावन्न मिनिटं. न वाचून काय करू?" त्या जराशा हसल्या. "तुमचं पोंगल, तुमचा ताप, सगळं ठाऊक आहे मला. जानेवारीत नाक चोंदलं होतं. होय की नाही?"

"होय."

"दोन महिन्यांपासून गळती वाढली. वर्षश्राद्धाला पाहिलं तर तोंड अर्धं झालेलं. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं." त्यांनी फोन पुन्हा सरकवला, ते गेले त्या दिवसाच्याही पलीकडे. "आता हे पाहा."

शून्य. एकाखाली एक. सांबशिवानं मोजले. अकरा.

"शेवटच्या वर्षी तेही उतरले," वसुमतीबाई म्हणाल्या. "वीस किलो. भात सोडला, नवे सदरे शिवले, आरशासमोर उभे राहायचे. मास्क सैल झाला, वारा टोचायला लागला. मला म्हणाले, मी गणिताचा मास्तर आहे गो, कारण गेलं की कार्य जातं. यंत्र कपाटावर ठेवलं. तेव्हा मी बंगळूरला, अखिलाच्या बाळंतपणाला. फोन माझ्या उशाशीच होता. रोज सहा दहाला येत होतं. मी बाळाला न्हाऊ घालत होते, शास्त्री. अकरा दिवस मी उघडून पाहिलं नाही."

समोरून एक स्कूटर गेली.

"डॉक्टर म्हणाले, हृदय. यंत्र काढल्यामुळेच गेले असं नाही म्हणाले. त्यामुळे नाही, असंही नाही म्हणाले."

"पण माझं घोरणं थांबलंय, अक्का."

"कोण म्हणतं?"

"वरलक्ष्मी."

"ती जागी राहून म्हणते की झोपून?"

त्याला तिसऱ्या रात्रीचा खिडकीतला उजेड आठवला, आणि शेजारचा शांत, भरलेला श्वास.

"मग ढकलतो तो कोण?" त्यानं विचारलं. आवाज लहान मुलासारखा आला.

"चौदा," वसुमतीबाई म्हणाल्या. "यंत्रावर लिहिलंय पाहा. ते एकशे सहा किलोंचे होते तेव्हा डॉक्टरांनी लावलेला दाब. तुम्ही एकशे बाराचे होतांत तोवर तुम्हांसही जमला. आता समोरचं तोंड बारीक झालं हे वाऱ्यास कोण सांगणार?"

"आणि तपकिरीचा वास?"

त्यांनी टॉवेल सोडला, मास्क नाकाशी नेला, आणि डोळे मिटून बराच वेळ तसाच धरला. "मास्क तोच आहे की हो," त्या म्हणाल्या. "चौदा महिने. पावम, बिचारे."

*

वसुमतीबाई त्याला झोपेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर वासुकी यांनी आधी ऐकून घेतलं, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दुसऱ्याचा चष्मा लावून वर्षभर वाचलंत," त्या तमिळमधून म्हणाल्या, "आणि आता सांगता, अक्षरांत भूत आहे."

एका रात्रीपुरतं बोटाला चिमटा आणि छातीला पट्टा लावून त्यांनी त्याला घरी पाठवलं. निकाल आला: यंत्राशिवाय तासाला अकरा वेळा श्वास अडतो, उताणं झोपलं तर वीस.

"म्हणजे वजन उतरवून उपयोग झाला नाही?"

"फार झाला. पण आधी किती होतं हे कोण सांगणार? तेव्हा तपासलंच नाहीत. आजाराचं मोजमाप झालं पाहिजे, शास्त्री, अंदाज नको. बायको म्हणते म्हणून नाही, कमरेची वेष्टी सैल झाली म्हणून नाही." दाब आठवर आणायचा, मास्क नवा आणि लहान, नळी नवी. वजन आणखी उतरलं किंवा परत चढलं, तरी पुन्हा यायचं. कदाचित एक दिवस यंत्र सुटेलही. "पण ते मी सांगेन. तुम्ही परस्पर माळ्यावर टाकायचं नाही."

मग त्यांनी यंत्राचा नंबर पाहिला आणि वसुमतीबाईंकडे वळल्या. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर पिशवी मांडीत घेऊन बसल्या होत्या.

"अम्मा, हे अजून सरांच्या नावावर आहे. यांच्या नावावर करायचं तर तुमच्या फोनवरून काढावं लागेल."

"जुनं पण जाईल?"

"फोनवरचं सगळं जाईल."

खोलीत पंखा फिरत होता. सांबशिव म्हणाला, "राहू द्या की, अक्का. नावात काय आहे? तीस वर्षं दुसऱ्यांच्या नावानं जेवलों. त्यांच्या नावानं झोपेन. तुम्हांस सकाळी तेवढंच."

हे तो खरंच बोलत होता. वसुमतीबाईंनी त्याच्याकडे रागानं पाहिलं.

"आणि एके दिवशी पुन्हा शून्य आलं तर?" त्या म्हणाल्या. "त्यांच्या नावाखाली? मी दुसऱ्यांदा बघत बसू?"

त्यांनी फोन काढला. डॉक्टरांनी कुठं दाबायचं ते दाखवलं. फोननं विचारलं, नक्की काढायचं? त्यांनी दाबलं. त्यानं पुन्हा विचारलं. "आमा," त्या फोनलाच मोठ्यानं हो म्हणाल्या, आणि दाबलं.

फोनच्या पडद्यावर नाव राहिलं नाही. चौदा महिने गेले, त्यामागची अकरा शून्यं गेली, आणि त्या शून्यांच्याही मागं जे खरोखर कृष्णाजीरावांचे श्वास होते, तेही गेले.

*

आठचा वारा इतका मऊ होता की पहिल्या रात्री सांबशिवाला झोपच लागेना. त्यानं श्वास सोडला. तो सरळ निघून गेला. कोणाला भिडला नाही. नळीच्या पलीकडे कोणी नव्हतं. नव्या रबराचा वास येत होता. त्याला एकटं वाटलं, आणि असं वाटावं याची लाज वाटली. त्यानं माळ उचलली आणि अडतिसावा मणी ओढला.

तेवढ्यात छातीवर हात आला.

"मोजतेस?" त्यानं मास्कमधून विचारलं.

"नाही," वरलक्ष्मी म्हणाली. "येतं का अजून, ते बघत्ये."

सकाळी तो वडवारच्या काठानं न जाता मेलवीदीच्या बाजूनं चालत गेला. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि रात्रीचे आकडे आता त्याच्याच फोनवर आले होते. वसुमतीबाई तिण्णईवर बसल्या होत्या. फोन हातात होता, पडदा काळा. सांबशिव समोर थांबला. त्याला बोलायचं होतं. सुरुवात त्यांनीच केली.

"किती?"

"पाच तास दहा."

"गळती?"

"नाही."

"तासाला?"

"तीन."

"सरी, ठीक," त्या म्हणाल्या, आणि फोन कमरेला खोचून आत गेल्या.

*

तेराव्याच्या सकाळी, पलंग न्यायला गाडी यायच्या आधी, वसुमतीबाईंनी खोलीचं दार आतून लावून घेतलं, कपाटावरचं यंत्र खाली काढलं, वायर गुंडाळून ते उशीच्या अभ्र्यात घातलं, आणि अभ्र्याचं तोंड तांबड्या दोऱ्यानं शिवून टाकलं.